घरचा एसबीसी: राउटिंग ग्रुप आणि खाडीचं पाणी

मागच्या नोंदीत एसबीसी (सेशन बॉर्डर कंट्रोलर, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या-जाणाऱ्या कॉलचा दरवान) उभा राहिला, कॉल लागायला लागले, इथपर्यंत आलो होतो. त्यानंतरचे तीन आठवडे फक्त राउटिंग ग्रुपमध्ये गेले. मी एक संध्याकाळ धरली होती.

नवीन मंडळींसाठी मांडणी. विजयदुर्ग खाडीच्या दक्षिणेला आमचं घर, पलीकडे राजापूर तालुक्यात मामाचं. सरळ रेषेत अडीच किलोमीटर, रस्त्याने भलामोठा वळसा. दोन्ही घरांत रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर घरगुती टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणारं अ‍ॅस्टेरिस्क. माझ्याकडे त्याच्या पुढ्यात कॉलची वाट ठरवणारा कामाइलिओ आणि आवाज पुढे नेणारं आरटीपीइंजिन, हाच आपला घरगुती एसबीसी. मामाकडे जायला दोन वाटा: खाडीवरून ५.८ गिगाहर्ट्‌झची वायफाय लिंक आणि फायबरवरून वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारी खाजगी वाट. साध्या टेलिफोनच्या जाळ्याला यातलं काहीच जोडलेलं नाही. परवान्याशिवाय तो उद्योग करायचा नसतो.

ग्रुप म्हणजे एकाच ठिकाणी पोचणाऱ्या वाटांची मोळी, आणि त्यातली आधी कुठली घ्यायची याचा नियम. ओरॅकलच्या एसबीसीत याला सेशन एजंट ग्रुप म्हणतात, कामाइलिओत डिस्पॅचरचा सेट. नियम आळीपाळीचा असतो, वजनाचा असतो, प्राधान्याचा असतो. मला प्राधान्य हवं होतं, खाडी आधी, बोगदा नंतर. चार-पाच ओळींत झालं. मी खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाला टेस्ट कॉल केला. मामा जेवून आडवा झालेला. त्याने लाल बटण दाबलं, फोन परत वाजला. पुन्हा दाबलं, तेव्हा कुठे गप्प झाला. मग त्याचाच फोन आला: "मेल्या, एकदा कापलंय मा, मग परत कित्याक वाजता?"

चूक माझीच. फेल्युअर राउटमध्ये मी लिहून ठेवलं होतं की कॉल फसला की पुढची वाट धर. पण मामाच्या फोनचं लाल बटण ४८६ पाठवतं, म्हणजे बिझी. वाट तर ठणठणीत होती, नको म्हणणारा माणूस होता. त्याला दुसऱ्या वाटेने गाठायचं म्हणजे पुढचं दार लावून घेतलेल्याच्या मागच्या पडवीत जाऊन उभं राहायचं. आता ५०३ (सेवा बंद) आला किंवा काहीच उत्तर आलं नाही तरच पुढची वाट. ४८६, ६०३ (नकार), ४०४ (असा नंबरच नाही) आले की तसेच फोन करणाऱ्याच्या हातात. ४८० चं (सध्या उपलब्ध नाही) काय करावं यावर माझं मत दर दोन दिवसांनी बदलतं.

'काहीच उत्तर नाही' हे कधी ठरवायचं, हा पुढचा घोळ. हे कॉल सिप नावाच्या पद्धतीने लागतात. तिची नियमावली आरएफसी ३२६१. त्याप्रमाणे यूडीपीवर (जिथे पोचल्याची खात्री नसते) इन्व्हाइट, म्हणजे कॉलचं आमंत्रण, अर्ध्या सेकंदाने, मग एक, दोन, चार असं अंतर दुप्पट करत पाठवत राहतात आणि ३२ सेकंदांनी आशा सोडतात. कामाइलिओत ती मुदत मुळात ३० सेकंद असते. तेवढा वेळ कानाला रिसीव्हर लावून कोण बसतो? मी दोन सेकंदांवर आणली. फोन वाजतावाजता तुटेल ही भीती नको. पलीकडून '१०० ट्राइंग' ही पोच आली की हा टायमर सुटतो आणि वाजण्याचा लांब टायमर सुरू होतो.

बोगद्यावर गेलेल्या कॉलमध्ये आवाज एकाच बाजूने येत होता. आरटीपीइंजिनची ऑफर मुख्य राउटमध्ये होती, म्हणून दुसऱ्या प्रयत्नातही पहिल्या वाटेचाच पत्ता एसडीपीत (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणारा मजकूर) जात होता. दर प्रयत्नाला नव्याने चालणाऱ्या ब्रँच राउटमध्ये हलवली, संपलं.

आता खरी गंमत. दर १० सेकंदांनी ऑप्शन्सचा पिंग (वाटेला 'आहेस का?' अशी हाक), तीन चुकले की वाट मेली, असं लावलं होतं. खाडीची वाट रोज ठरावीक वेळा दहा-पंधरा मिनिटं मरायची आणि आपोआप जिवंत व्हायची. आधी अडॅप्टर बदलला. मग कनेक्टरवरचा गंज खरवडला. डब्यात मुंग्या निघाल्या, त्यांनाही दोष दिला. शेवटी लॉगमधल्या वेळा कागदावर उतरवल्या, तर रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकत होत्या. मामीला सकाळच्या वेळा वाचून दाखवल्या तर म्हणाली, "ही तर माझी कालवांक जावची येळ."

भरती-ओहोटी! कालवं, म्हणजे खडकावरची शिंपली, ओहोटीलाच काढतात. वायफायची एक लहर सरळ येते, दुसरी पाण्यावर आपटून येते. पाणी एका ठरावीक उंचीला असलं की दोघी एकमेकींना मारतात. चढताना एकदा, उतरताना एकदा. चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा, म्हणून ते सरकणं.

तात्पुरता उपाय म्हणून मेलेली वाट परत घ्यायला लागोपाठ १२ पिंग यशस्वी हवेत असं केलं, म्हणजे दोन मिनिटं. त्याआधी त्या काठावरच्या वेळी वाट सारखी आत-बाहेर करत होती. नवे कॉल आता मुकाट बोगद्याने जातात. पण ग्रुप फक्त नवा कॉल लागताना विचारतो. चालू असलेला कॉल खाडीवर असेल तर तो तुटक होतो, तिथे कितीही सुंदर राउटिंग करा, उपयोग शून्य.

तेव्हा अँटेनाच हलवायला हवी. सध्या ती गच्चीच्या अगदी कडेला आहे, पाणी तिला पूर्ण दिसतं. थोडी मागे घेऊन चिऱ्याच्या गडग्याच्या आडोशाला आणली तर खालून येणारी लहर अडेल. फार खाली नेता येणार नाही, कारण अडीच किलोमीटरच्या मध्यावर पहिल्या फ्रेनेल झोनची (लहरीला मोकळी लागणारी जागा) त्रिज्याच पावणेसहा मीटरच्या आसपास येते.

उद्या सकाळी दहाच्या सुमाराला पाणी त्या उंचीवर येईल. मी अँटेना हातात धरून गडग्यामागे, मामी पलीकडे फोनवर. कालवं परवा काढीन म्हणाली आहे.