पिट्सबर्गला जाणार असाल तर एक दिवस होमस्टेडसाठी ठेवा

सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन पिट्सबर्गला गेलो होतो. पहिल्या दिवशी बालाजीचं देऊळ झालं, दुसरा दिवस होमस्टेडला, म्हणजे जवळच्या जुन्या पोलाद कारखान्याच्या गावाला दिला. बाबांची सगळी नोकरी गिरणीत गेली, त्यामुळे ही जागा त्यांना दाखवायचीच होती.

सुरुवात पंप हाऊसपासून, म्हणजे कारखान्याच्या जुन्या पाण्याच्या पंपघरापासून करा. मोनोंगाहेला नदीच्या काठाला लाल विटांची साधी इमारत आहे, आत बहुतेक वेळा जाता येत नाही पण बाहेरून बघितलं तरी पुरे. १८९२ ला उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या इथल्या पोलाद कारखान्यात युनियनसोबतचा करार संपला, मॅनेजर फ्रिकला पगार कापायचे होते आणि युनियनच नको होती, कार्नेगी स्वतः स्कॉटलंडला जाऊन बसला होता. फ्रिकने कारखान्याला कुंपण घातलं, टाळं लावलं आणि ६ जुलैला पहाटे पिंकर्टन या खासगी सुरक्षा कंपनीची ३०० हत्यारबंद माणसं दोन बार्जमधून (सपाट मालवाहू बोटी) इथेच आणली. गावात भोंगा वाजला आणि बायका-पोरांसकट सगळे नदीवर धावले. दिवसभर गोळीबार, दोन्हीकडची मिळून किमान १० माणसं गेली, शेवटी पिंकर्टनवाले शरण आले. पण आठवड्याभरात सरकारी फौज आली आणि नोव्हेंबरमध्ये संप मोडला.

मला सगळ्यात भिडलं ते हे की ३,८०० कामगारांपैकी युनियनमध्ये हजारसुद्धा नव्हते, ती फक्त कुशल कामगारांची, वाद त्यांच्या कराराचा, तरी बाकीचे हमाली करणारे, नुकते युरोपातून आलेले, भाषाही धड न येणारे, सगळे त्यांच्यासोबत बाहेर राहिले. बाबा भिंतीला हात लावून बराच वेळ उभे होते, मग एवढंच विचारलं, "युनियन परत कधी आली?" १९३७ ला. म्हणजे ४५ वर्षं.

तिथून जवळच वॉटरफ्रंट मॉल आहे, कारखाना १९८६ ला बंद झाला त्याच जागेवर, कारखान्याची १२ धुरांडी अजून एका रांगेत उभी आहेत. जेवण, बाथरूम सगळं इथेच उरका. गाडी नसेल तर डाउनटाउनहून ६१सी बस होमस्टेडला येते.

मग कार्नेगीने १८९८ ला बांधलेली लायब्ररी बघा, चढ आहे, आईला हळूहळू न्यावं लागलं. पोहायचा तलाव, संगीताचा हॉल, खरंच सुंदर आहे, पण १२-१२ तास भट्टीसमोर राबणारा माणूस पुस्तक वाचणार कधी? पोलाद कारखान्यांत ८ तासांची पाळी आली १९२३ ला.

कॅरी फर्नेसची (लोखंड वितळवायच्या जुन्या भट्ट्या) टूर मात्र आधी बुक करा, साधारण मे ते ऑक्टोबरच असते, आम्ही बुकिंग न करता गेलो आणि दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं. ती नदीच्या पलीकडे रँकिनला आहे, गाडी हवीच. बंद बूट घाला, सँडल नको, खाली खडी आणि गंजलेलं लोखंड आहे. ९२ फुटी भट्टीच्या पायथ्याशी उभं राहून वर बघा, आणि गाईडला तो जुना पूल दाखवायला सांगा ज्यावरून वितळलेलं लोखंड तसंच रेल्वेने नदीपार होमस्टेडला जायचं. ज्येष्ठांसाठी पाणी आणि टोपी घ्या, चालणं बरंच आहे.