दोन प्रिंट, मधे दोन बोटं

काल संध्याकाळी वर्गातल्या सॉफ्टबोर्डवरचे सगळे प्रिंट उतरवले, फक्त दोन ठेवले. ते का ठेवले हे आज लिहायला बसले आहे, कारण आठवडाभर डोक्यात तेच घोळतंय.

डिझाइनच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी एक असाइनमेंट देते. दोन फोटो, शेजारी शेजारी. शीर्षक नाही, बाण नाही, एकही शब्द नाही. दोन्ही मिळून गोष्ट सांगता आली पाहिजे आणि त्यातला कुठलाही एक काढून घेतला तर ती गोष्ट नाहीशी झाली पाहिजे. ही दुसरी अट खरी अवघड. बहुतेक जोड्या तिथेच पडतात. सगळं एकाच फोटोत सांगून झालेलं असतं आणि दुसरा नुसता मान डोलवत शेजारी उभा असतो.

पहिल्या फेरीत काय येतं ते मला आता पाठ झालंय. बी आणि झाड. तरुण हात, म्हातारा हात. पाऊस आणि उदास मुलगी. भरलेला कप, रिकामा कप. याला मी नावं ठेवत नाही, माझी स्वतःची सुरुवात तिथूनच झाली होती. पण भरलेला आणि रिकामा कप बघितल्यावर बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. कुणीतरी प्यायलं, संपलं. दुसऱ्या टोकाला काही मुलं किल्ली आणि समुद्र असं काहीतरी आणतात आणि मग पाच मिनिटं समजावत बसतात. समजावून सांगावं लागतंय म्हणजे गोष्ट अजून त्यांच्या डोक्यातच आहे, बोर्डावर आलेली नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीआधी मी एक प्रयोग करते. एकाच चेहऱ्याचे, एकाच फाइलमधून काढलेले तीन प्रिंट. चेहरा शांत, ना हसरा ना रडका. एकाशेजारी झोपलेल्या बाळाचा फोटो लावते, दुसऱ्याशेजारी बंद दाराचा, तिसऱ्याशेजारी जेवणाच्या ताटाचा. मग विचारते, या माणसाला काय वाटतंय? प्रेमळ, घाबरलेला, भुकेला, अशी उत्तरं येतात. यंदा एका मुलीला पटेचना की तिन्ही प्रिंट एकच आहेत. ती उठून बोर्डापाशी गेली, नाक टेकेल इतक्या जवळून तिन्ही चेहऱ्यांच्या भुवया बघून आली. जागेवर बसल्यावर म्हणाली, "तरी पण मला मधला घाबरलेलाच दिसतोय."

हा प्रयोग माझा नाही. 1920 च्या आसपास लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने इव्हान मोझुखिन या नटाच्या चेहऱ्याचा एकच तुकडा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला होता, त्यात सूपची बशी होती, शवपेटी होती. मूळ फिल्म आता उपलब्ध नाही. पण त्याच्याबरोबर काम केलेल्या पुडोव्हकिनने नंतर सांगितलं की प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाची फार तारीफ केली. आयझेनस्टाइन या दुसऱ्या रशियन दिग्दर्शकाने 1929 मधे हीच गोष्ट जपानी लिपीतल्या चित्राक्षरांवरून मांडली: डोळ्याचं चिन्ह आणि पाण्याचं चिन्ह एकत्र आलं की अर्थ होतो रडणं. त्याच्या मते ही बेरीज नाही, गुणाकार आहे. मुलांना हे लगेच पटतं, कारण गुणाकारात एक बाजू शून्य असेल तर काय होतं हे त्यांना सांगावं लागत नाही.

आता त्या दोन प्रिंटांबद्दल.

डावीकडच्या फोटोत टेबलावर घडी घातलेलं वर्तमानपत्र आहे, शब्दकोडं वर येईल असं. त्यावर चष्मा उलटा ठेवलाय, काड्या उघड्या. एका काडीला बिजागरीपाशी दोरा गुंडाळलेला. खिडकीतला उजेड एका काचेतून जातो आणि तेवढ्या जागेतले कोड्याचे चौकोन किंचित वाकलेले दिसतात. कोडं निळ्या पेनने साधारण अर्धं सोडवलेलं, एके ठिकाणी अक्षर खोडून त्यावरच दुसरं गिरवलेलं.

उजवीकडे जमीन. टेबलाचा एक पाय आणि टेबल डुगडुगू नये म्हणून त्याखाली सरकवलेली कागदाची जाड घडी. घडीचा पायाबाहेर आलेला भाग नीट बघितला तर तेच चौकोन, तीच निळी अक्षरं, तेच गिरवलेलं अक्षर. डावीकडे रिकामे होते ते चौकोन इथेही रिकामेच आहेत.

माझ्या वर्गात क्रिटचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून एखाद्याच्या कामावर बोलायचं त्या तासाचा, एक नियम आहे. ज्याचं काम आहे त्याने पहिली दहा मिनिटं बोलायचं नाही. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग एकजण म्हणाला, आजोबा गेले. दुसरी म्हणाली, गेले नसतील, दवाखान्यात असतील, घरी आल्यावर कोडं शोधतील. तिसऱ्याचं म्हणणं, आजोबांनी स्वतःच कंटाळून कागद खाली सरकवला असेल. फोटोत आजोबा कुठेच नव्हते, हे त्या तिघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

दहा मिनिटं झाल्यावर मी बोलले आणि इथे चुकले. उजव्या फोटोत मला कागद जरा पसरट वाटत होता. म्हटलं, "अजून जवळ जा, क्रॉप कर, पाय आणि घडीची कड एवढंच ठेव, आकार छान येईल." ज्याचं काम होतं तो मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, मग तो कुठलाही कागद होईल." मी पुन्हा बघितलं. त्याचं बरोबर होतं. मी दोन फोटोंपैकी एकाची रचना सुधारत होते आणि तेवढ्यात जोडी मोडत होते. ते गिरवलेलं अक्षर दोन्हीकडे दिसतं म्हणून ही गोष्ट उभी आहे. इतकी वर्षं हे शिकवूनही एकेकटा फोटो सुंदर करण्याचा मोह मला आवरत नाही, आणि त्या दिवशी तो त्याने आवरला.

मग मागून कुणीतरी म्हणालं, अदलाबदल करून बघूया का?

केली. आता डावीकडे पायाखालचा कागद, उजवीकडे चष्मा. वर्गातून एकदम "अरे!" असा आवाज आला. आता कुणीतरी वाकून तो कागद बाहेर काढला होता, घडी उलगडली होती आणि चष्मा लावून राहिलेलं कोडं सोडवायला बसणार होतं. आपले डोळे डावीकडून उजवीकडे वाचायला सरावलेले, त्यामुळे डावीकडचं ते आधीचं आणि उजवीकडचं ते नंतरचं असं आपण न विचारताच धरून चालतो. फोटोत बदल काहीच नाही, एकाच गोष्टीचा परतीचा रस्ता तयार झाला. खरं तर पायाखालून काढलेल्या कागदावर त्या घड्यांच्या खुणा दिसायला हव्यात, चष्म्याच्या फोटोतल्या कागदावर त्या नाहीत, हे एका चोखंदळ मुलीने दाखवून दिलं. तरीही अदलाबदलीनंतरचीच गोष्ट खरी असावी असं बहुतेकांना वाटत होतं.

दोन प्रिंटांच्या मधे मी नेहमी दोन बोटांएवढी जागा सोडायला लावते. चिकटवून लावले तर तो एकच लांबट फोटो दिसतो. वीतभर अंतर ठेवलं तर दोन निराळ्या मुलांची कामं वाटतात. कॉमिक्सवाले या फटीला गटर म्हणतात. जुन्या काळी दोन लाकडी पाट्यांवर जोडचित्रं काढत, त्यांच्यात तिथे बिजागरी असायची. लंडनच्या नॅशनल गॅलरीत 1395 ते 1399 च्या दरम्यानचं एक जोडचित्र आहे, विल्टन डिप्टिक. डाव्या पाटीवर गुडघे टेकलेला राजा दुसरा रिचर्ड, उजव्या पाटीवर मेरी, बाळ येशू आणि अकरा देवदूत. राजाचे हात पुढे आलेले, बाळ त्याच्या दिशेने झुकलेलं, आणि दोघांच्या मधे बिजागरीची रेघ. देवदूतांच्या छातीवर पांढऱ्या हरणाचं चिन्ह आहे, ते राजाचं स्वतःचं चिन्ह, त्याच्याही अंगावर आहे. एकच खूण दोन्ही पाट्यांवर ठेवली की मधली फट ओलांडली जाते, हे त्या चित्रकाराला ठाऊक होतं. आमच्या पोराने तेच काम एका खोडून गिरवलेल्या अक्षराकडून करून घेतलं होतं.

तो चष्मा कुणाचा, हे मी त्याला विचारलं नाही. दहा मिनिटं संपल्यावर त्याला बोलायची मुभा होती. तो म्हणाला, "काही नाही सांगायचं."

क्रिटनंतर मी प्रिंट परत त्याने लावले होते तसे लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कुणीतरी पुन्हा अदलाबदल केलेली, पिनाही नीट चारी कोपऱ्यांत टोचलेल्या. मी हात लावला नाही. दुपारी तो मुलगा आला, बोर्डापाशी थांबला. दोन्ही प्रिंट बघितले, डाव्या प्रिंटची एक सैल पिन अंगठ्याने घट्ट दाबली आणि ते तसेच ठेवून जागेवर जाऊन बसला.