युद्ध का लांबवले, हे तुम्ही विचारलेत म्हणून

प्रश्न साधारण तीन तऱ्हांनी येतो. सौम्य वाचक विचारतात, "अमेरिकेचे यादवी युद्ध चार वर्षांत संपले होते, तुम्ही कादंबरीत ते सात वर्षे का चालवलेत?" चिडलेले विचारतात, "खरोखरीचे मेले तेवढे पुरेसे नव्हते का?" आणि आपली माणसे लग्नाच्या पंगतीत, पानावर बसल्या बसल्या म्हणतात, "एवढे जर-तरच करायचे होते तर पानिपत काय वाईट होते? विश्वासरावांना ती गोळी चुकवायची होतीस." या तिसऱ्यांना मी आजवर हसून टाळले आहे आणि पुढेही टाळणार आहे; पानिपतावर जर-तर करणाऱ्यांची आपल्याकडे कधी वानवा नव्हती. पहिल्या दोघांना मात्र मी दर वेळी काहीतरी उत्तर दिले, आणि ती उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत हे आता माझ्याच लक्षात आले आहे. म्हणून एकदा सगळे लिहून काढतो.

ज्यांनी कादंबरी वाचली आहे त्यांना कथानक सांगत बसत नाही. इतरांसाठी एवढेच की, माझ्या कादंबरीत १७ जुलै १८६४ रोजी फुटून निघालेल्या, गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आपल्या जनरल जॉन्स्टनला पदावरून काढत नाही. प्रत्यक्षात त्याने काढले आणि जागी जॉन बेल हूडला नेमले. हूडने अटलांटाभोवती एकामागून एक हल्ले चढवून स्वतःचेच सैन्य झिजवले आणि २ सप्टेंबरला शहर उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या हाती पडले. माझा जॉन्स्टन खंदकांत दबा धरून बसतो, अटलांटा नोव्हेंबर उलटेपर्यंत टिकते, उत्तरेत लिंकन निवडणूक हरतो, त्याचा प्रतिस्पर्धी, माजी सेनापती मॅक्लेलन अध्यक्ष होतो, तहाची बोलणी फिसकटतात आणि लढाई १८६८ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळते.

हे मी हवेतून काढलेले नाही. २३ ऑगस्ट १८६४ रोजी लिंकनने एका कागदावर लिहिले की आपले सरकार पुन्हा निवडून येणार नाही अशीच दाट शक्यता दिसते, आणि तो कागद घडी घालून, आतला मजकूर न दाखवता, मंत्र्यांच्या सह्या घेऊन ठेवून दिला. त्याच्या चारच दिवस आधी त्याने गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढणारे कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांना बोलावून घेतले होते. सत्ता जाण्यापूर्वी दक्षिणेतून जास्तीत जास्त गुलामांना उत्तरेच्या फौजेपर्यंत कसे आणता येईल याची योजना त्याला त्यांच्याकडून हवी होती. ज्याला जिंकण्याची खात्री असते तो असली निरवानिरव करत नाही. मॅक्लेलन आला असता तर युद्ध तिथेच थांबले असते, असे म्हणणाऱ्यांनी त्याचे उमेदवारी स्वीकारतानाचे पत्र वाचावे. संघराज्य एकत्र राहणे ही तहाची एकमेव अट त्याने त्यात घातली होती, आणि दक्षिणेला नेमकी तीच मान्य नव्हती. तेव्हा युद्ध लांबण्याची वाट इतिहासात होतीच. मी फक्त तिच्यावरून चालत गेलो.

पण वाट होती म्हणून चालायलाच हवे होते असे नाही, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. त्यावर माझे जुने उत्तर असे होते की या युद्धाची लांबी हीच गुलामांच्या सुटकेची किंमत होती. १८६२ च्या जूनमध्ये मॅक्लेलनची फौज दक्षिणेची राजधानी रिचमंडच्या इतकी जवळ होती की शिपायांना शहरातल्या चर्चच्या घंटा ऐकू येत. त्याने तेव्हा रिचमंड घेतले असते तर संघराज्य बहुधा गुलामांसकट पुन्हा सांधले गेले असते. त्याहून मागे जा. मार्च १८६१ मध्ये काँग्रेसने एक घटनादुरुस्ती मंजूर करून राज्यांकडे पाठवली होती, आणि ती राज्यांनी मान्य केली असती तर तेरावी दुरुस्ती म्हणून तीच ओळखली गेली असती. राज्यांतल्या गुलामगिरीला केंद्राने कधीही हात लावू नये, असा तिचा आशय होता. आज आपल्याला माहीत असलेली, गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये राज्यांच्या मान्यतेने पक्की झाली. या दोन तेराव्या दुरुस्त्यांमध्ये जे अंतर आहे ते युद्धाच्या चार वर्षांचे आहे. जुन्या हिशेबाने ६,२०,००० आणि अलीकडच्या एका अंदाजाने साडेसात लाखांच्या आसपास माणसे त्या अंतरात पुरलेली आहेत.

इथून पुढची उडी माझी स्वतःची होती. चार वर्षांनी कायदा बदलला, पण जमीन बदलली नाही. जानेवारी १८६५ मध्ये शर्मनने दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनारपट्टीवर मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला आणि त्याच वर्षात लिंकननंतरचा अध्यक्ष जॉन्सन याने ती जमीन जुन्या मालकांना परत देवविली. युद्ध आणखी तीन वर्षे चालले असते तर मळेवाल्यांचा वर्ग मुळासकट उखडला गेला असता आणि जमीन कसणाऱ्याकडे राहिली असती, असे मला वाटले, आणि कादंबरीच्या प्रस्तावनेत मी मोठ्या थाटात लिहिले, "युद्ध जितके लांबले तितके स्वातंत्र्य खोल गेले." हे वाक्य अनेकांनी अधोरेखित करून मला पाठवले. आज ते वाचताना मला दुसऱ्याच कोणाचे तरी भाषण ऐकल्यासारखे वाटते.

आता ज्या प्रसंगाबद्दल मी आजवर कोणाला उत्तर दिले नाही, तो सांगतो. मी मेरिलँडमध्ये राहतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक इतिहासप्रेमी मंडळींसमोर वाचनासाठी मला बोलावणे आले. एका मित्राने तीन प्रकरणांचे कामचलाऊ इंग्रजी करून दिले होते. घडीच्या वीसेक खुर्च्या, मागे कॉफीचा मोठा थर्मास, बाहेर पाऊस. मी टेक्सासचे प्रकरण वाचले, कारण माझी भाषा त्यात सर्वांत चांगली उतरली आहे असा माझा समज होता. मिसिसिपी नदी उत्तरेच्या ताब्यात गेल्यावर लुइझियानाचे मळेवाले आपल्या गुलामांना पायी हाकत टेक्सासमध्ये घेऊन गेले, ही खरी गोष्ट आहे. माझ्या कादंबरीत उत्तरेची फौज तिथपर्यंत पोहोचतच नाही आणि ब्राझोस नदीकाठी १८६७ च्या हिवाळ्यातही एक मालक कंदिलाच्या उजेडात दिवसभराचा वेचलेला कापूस तोलून वहीत मांडतो आहे. वाचन संपल्यावर नेहमीचे प्रश्न आले. हूडचा पाय कुठे तुटला, रेल्वेच्या रुळांची रुंदी किती होती, वगैरे. (रुळांची रुंदी विचारणारा एक गृहस्थ प्रत्येक सभेत असतो, आणि त्याला ती आधीच माहीत असते.)

मंडळी उठल्यावर दुसऱ्या रांगेतल्या एक कृष्णवर्णीय बाई टेबलाशी आल्या. वय सत्तरीचे, चष्मा गळ्यातल्या दोरीला. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यांच्या घरातल्या बायबलच्या पानाची ती प्रत होती, जन्माच्या नोंदींची. वरच्या चार-पाच ओळींत नावे होती पण तारखा नव्हत्या. एकीपुढे नुसते "कापूस वेचणीच्या दिवसांत" असे होते. त्या ओळी नंतर कोणीतरी आठवून आठवून लिहिल्या होत्या, आणि त्या एकाच हाताच्या, एकाच शाईच्या होत्या. त्यांच्याखाली वेगळ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत पहिली पूर्ण तारीख होती, ऑक्टोबर १८६५ ची. "हे माझे पणजोबा," त्या म्हणाल्या. "त्यांच्या आईला लुइझियानातून टेक्सासला चालवत नेले होते. १९ जूनला टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनमध्ये गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि ऑक्टोबरात हे जन्मले. आमच्या घरात कोणाच्याही मालमत्तेच्या यादीत नसलेले हे पहिले मूल." मग त्यांनी त्या तारखेवर बोट ठेवून विचारले, "तुमच्या पुस्तकात हे मूल कोणाच्या वहीत आहे?"

मी उत्तर द्यायला नको होते, पण दिले. कादंबरीच्या शेवटी जमिनीचे वाटप होते, त्यांच्या कुटुंबालाही चाळीस एकर मिळाले असते, पुढच्या शंभर वर्षांतले पुष्कळसे भोग टळले असते, असे मी घाईघाईने सांगू लागलो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याला किती वर्षांचा होईपर्यंत थांबावे लागले असते?" मी मनातल्या मनात वजाबाकी केली. "अडीच," मी म्हणालो. "अडीच वर्षांच्या मुलालाही भाव असायचा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. कागदाचा कोपरा दुमडणार नाही अशा बेताने त्यांनी तो पुन्हा पाकिटात सरकवला, पाऊस थांबला का ते खिडकीतून पाहिले आणि निघून गेल्या. मी त्यांचे नाव विचारले नाही. पानावर ते होते, पण मी वाचले फक्त आकडे.

त्या रात्री घरी येऊन मी कादंबरीसाठी केलेला एक्सेलचा तक्ता उघडला. महिना, आघाडी, लढाईतले मृत, रोगराईचे मृत असे स्तंभ होते. त्या काळी तीन मृतांपैकी दोन रोगाने जात, म्हणून रोगाचा स्तंभ मी फार मन लावून भरला होता. शेवटची बेरीज अकरा लाखांवर जात होती, आणि ती अतिशयोक्त वाटू नये यासाठी मी कित्येक रात्री घालवल्या होत्या. १८६० च्या जनगणनेप्रमाणे त्या देशात साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते. मी लांबवलेल्या तीन वर्षांत त्यांतले किती जण आणखी किती दिवस गुलाम राहिले, याचा स्तंभ माझ्या तक्त्यात नव्हता. मी तो घालायला बसलो आणि वर मथळा काय द्यावा हेच सुचेना. माणसे गुणिले महिने असे लिहून पाहिले. ते विजेच्या बिलावरच्या युनिटांसारखे दिसू लागले, तेव्हा लॅपटॉप मिटला.

यावर तुम्ही म्हणाल की मग चूक कबूल करून मोकळे व्हा. तेवढे सोपे नाही. युद्ध आखूड करणाऱ्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, याचा मला अजूनही राग येतो. एप्रिल १८६१ मध्ये उत्तरेने देऊ केलेले सेनापतिपद, पुढे दक्षिणेकडून लढलेल्या रॉबर्ट ली याने स्वीकारले असते तर सगळे सहा महिन्यांत आटोपले असते, असे लिहिणाऱ्याला वाचक दयाळू समजतात, कारण त्याच्या गोष्टीत रक्त कमी सांडते. त्याच्या गोष्टीत ते मूल अडीच वर्षेच काय, कदाचित जन्मभर कोणाच्या तरी वहीत राहिले असते. निदान माझ्या गोष्टीत वही बंद तरी होते. हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो, आणि त्या बाईंसमोर पुन्हा उभे राहून तो करण्याची माझी छाती नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आणि एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, ती तुम्हाला सांगतो. मी मूळचा वऱ्हाडातला. आमच्या जुन्या वाड्याला घरात "अमेरिकेच्या लढाईतला वाडा" म्हणत, आणि आपला कोणी पूर्वज अमेरिकेत जाऊन लढला असावा असे मला दहाव्या वर्षापर्यंत वाटत असे. अर्थ पुढे कळला. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने कोंडली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आपल्याकडच्या कापसाचा भाव गगनाला भिडला, आणि त्या पैशात आमचा वाडा उठला. वऱ्हाड-नागपुराकडे लोकांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असे सांगतात. मुंबईत तर समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरांवर शहाण्यासुरत्यांची मती फिरली होती. एप्रिल १८६५ मध्ये ली शरण आला. ती बातमी अमेरिकेत शांततेची होती, मुंबईत दिवाळ्याची ठरली. १ जुलैला शेअरबाजार कोसळला. आमच्या वाड्याची माडी अर्धी राहिली ती कायमचीच. जिना वर जाई आणि पुढे नुसते आकाश. आजोबा त्या जिन्याकडे बोट दाखवून म्हणत, "लढाई आणखी दोन वर्षं चालती, तर माडी पुरी होती." ते वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटल्याचे मला आठवत नाही.

कादंबरीतले मुंबईचे प्रकरण मी अवघ्या नऊ दिवसांत लिहिले. त्यात तेजी १८६८ पर्यंत चालते. इतक्या आनंदाने मी दुसरे काहीच लिहिलेले नाही. "स्वातंत्र्य खोल गेले" हे वाक्य मी आधी लिहिले की नंतर, हे मी जुन्या फायलींच्या तारखा काढून तपासले. नंतर लिहिले होते. युद्ध लांबवण्याची इच्छा आधी आली आणि तिचे समर्थन मागाहून, असा याचा अर्थ होतो का? होतही असेल. शेवटी लिहिली जाते तीच प्रस्तावना, असेही कोणी म्हणेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवले. ती अर्पणपत्रिका मी विसाव्या वर्षी वाचली होती. एकाच लढाईकडे आमच्या वाड्यातून आणि जोतीरावांच्या पुण्यातून पाहिले तर काय काय दिसते, हा विचार मात्र पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या मनाला शिवला नाही.

दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रकाशकांनी मुद्रिते पाठवली, तेव्हा मी टेक्सासचे प्रकरण तीनदा नव्याने लिहिले. एका खर्ड्यात उत्तरेची फौज १८६५ मध्येच गॅल्व्हस्टनला उतरते. पण तसे झाले तर पुढची तीन वर्षे दक्षिण तग कशी धरणार, याला उत्तर नाही. दुसऱ्यात एक गरोदर बाई रिओ ग्रांदे नदी ओलांडून मेक्सिकोत पळून जाते. असे पळून गेलेले लोक खरोखर होते, पण माझी बाई केवळ माझी सुटका करण्यासाठी पळते आहे हे ओळीओळीतून दिसत होते. तिसऱ्यात मी काहीच बदलले नाही; फक्त कंदिलाच्या उजेडातल्या त्या वहीत ऑक्टोबर १८६५ ची एक नोंद घातली, नाव आणि त्यापुढे डॉलरमधला भाव. नाव मला ठरवता येईना. भाव तर त्याहून येईना.

प्रस्तावनेतले ते वाक्य काढावे का, असे प्रकाशकांनी विचारले. मी ते ठेवायला सांगितले आहे, कारण पहिल्या आवृत्तीच्या वाचकांनी त्यावरच विश्वास ठेवून पुस्तक वाचले आणि आता ते गुपचूप पुसणे मला लबाडीचे वाटते. युद्ध दुसऱ्या आवृत्तीतही १८६८ मध्येच संपते. बाकीची मुद्रिते तपासून परत गेली आहेत. टेक्सासची अजून माझ्या टेबलावर आहेत.