भट्टी विझू दिली नाही : आमची वाटचाल

भुसावळच्या आमच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाच्या गच्चीवरून दीपनगर वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. 2005 नंतरच्या भारनियमनात त्या चिमण्यांकडे बघतच मी आणि थोरल्या भावाने शेतीपंपांच्या मोटारी भरल्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळली. दिवसा लाइट नाही. रात्री आली की यावल-रावेरचा केळीवाला विहिरीवर पळायचा, तीनपैकी एक फेज गेलेला असायचा, मोटार जळायची आणि सकाळी आमच्या दारात यायची. भरलेल्या मोटारीचं व्हार्निश सुकवायची भट्टी म्हणजे पत्र्याची पेटी आणि आत दोनशे वॅटचे बल्ब. लाइट गेली की खाली कोळशाची शेगडी सरकवायची. ही शेगडी पुढे परदेशात आमची अब्रू वाचवणार आहे, हे तेव्हा कोणाला माहीत होतं?

2009 ला मी करारावर दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गला गेलो. 2013 ला लेनेशियात, म्हणजे वर्णभेदाच्या काळात भारतीयांना जिथे हलवलं त्या वस्तीत, स्वतःचं काम सुरू केलं. भागीदार तिथलेच, मूळ सुरतेकडचे. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. चाचांनी अर्धं गॅरेज मोकळं करून दिलं आणि म्हणाले, "भाड्याचं नंतर बघू, बेटा, आधी बोर्ड लाव." मी भुसावळहून तार गुंडाळायचे सागवानी फॉर्मे, बांबूच्या पट्ट्या आणि वीजगळती तपासायचा मेगर नेला होता. विमानतळावर त्या पट्ट्या काय आहेत हे समजावताना घाम फुटला. पण मोटारीच्या खाचेत (स्लॉटमध्ये) तारेची कॉइल घट्ट बसवायला त्या पट्टीसारखं दुसरं काही नाही, हे मी आजही म्हणतो.

पुढची काही वर्षं काम चालत राहिलं. जुलै 2021 च्या लुटालुटीत आठ रात्री वस्तीतल्या लोकांबरोबर रस्त्यावर पहारा दिला, दुकान वाचलं.

खरी परीक्षा 2022 ला झाली. त्या देशात लोडशेडिंग 2007 च्या अखेरीपासूनचं. मेदुपी आणि कुसिले ही नवी वीजकेंद्रं वर्षानुवर्षं रखडली, जुन्या केंद्रांची देखभाल झाली नाही. सरकारी कंपन्या कशा पोखरल्या गेल्या, ते भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती झोंडो यांच्या आयोगाने खंडच्या खंड लिहून ठेवलंय. तिथे कपातीचे टप्पे असतात, एक टप्पा साधारण हजार मेगावॅटचा. सहावा टप्पा लागला की दिवसातून तीन-चार वेळा अंधार. चौकातले सिग्नल बंद पडायचे (तिथे सिग्नलला रोबो म्हणतात) आणि फुटपाथवर झोपणारी माणसं पुढे होऊन वाहतूक हाकायची. अंधारात केबल कापून नेणारे वेगळेच. मग दोन तासांची कपात चार दिवसांची व्हायची. तसलं तांबं आमच्या दाराशी अर्ध्या भावात विकायला यायचं. एक किलोसुद्धा आम्ही घेतलं नाही.

लोकांना वाटतं, लाइट जाते-येते म्हणजे मोटार भरणाऱ्याची चांदी. जळालेल्या मोटारींची रांग लागायची हे खरं. पण आमची भट्टी विजेवरची होती. व्हार्निश पाजलेला स्टेटर, म्हणजे मोटारीचा तार भरलेला स्थिर भाग, सात-आठ तास सलग तापायला हवा. तिसऱ्या तासाला लाइट गेली की वरची साय धरते, आत ओलं राहतं. मेगर लावा, रीडिंग छान, कारण मेगर बॉडीला गळती आहे का तेवढंच सांगतो, तारेला तार लागतेय का ते सांगत नाही. मोटार थरथरली की आतल्या तारा घासतात आणि महिन्याभरात धूर. सप्टेंबर ते नोव्हेंबर आमच्या अकरा मोटारी परत आल्या. भुसावळला दहा वर्षांत एवढ्या आल्या नव्हत्या.

दोन गल्ल्या सोडून एक मोठं वर्कशॉप होतं, मोठ्या जनरेटरचं. त्या मालकाने आमचं एकेक गिऱ्हाईक गाठून सांगितलं की इंडियातून आलेल्यांची वायर हलकी असते. हलकी! मी प्रत्येक रीळ मायक्रोमीटरने मोजून घेणारा माणूस. गेज, म्हणजे तारेची जाडी, बदलायचा मोह तेव्हाही केला नाही. दोन बेकऱ्या गेल्या, शाळेचं काम गेलं, डिसेंबरचा पगार चाचांनी बायकोची बांगडी ठेवून दिला. त्या मालकाने आजवर एका शब्दाने माफी मागितलेली नाही. ते माझ्या मनातून जात नाही आणि जावं असंही वाटत नाही.

राहिला तो एकच, कोंबड्यांच्या शेडवाला म्हातारा आफ्रिकानर, म्हणजे तिथला मूळ डच वंशाचा गोरा. तिकडे वडीलधाऱ्याला ऊम म्हणतात, आम्हीही ऊमच म्हणायचो. उन्हाळ्यात शेडचा पंखा तासभर थांबला तर पक्षी मरतात, म्हणजे रागवायचा सगळ्यांत जास्त हक्क त्यांचा. त्यांनी परत आणलेली मोटार टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "माझ्यासमोर खोल." खोलली. नखाने व्हार्निश खरवडलं तर बोटाला चिकटलं. बराच वेळ ते माझ्या बोटाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "वायर चांगली आहे. शिजली नाही."

त्या रात्री मला पत्र्याची पेटी आठवली. दोन ड्रम घेतले, एकात एक. खाली विटांचं चुलाण, तिकडे मांस भाजायला वापरतात तो कोळसा. गरम हवा दोन ड्रमच्या फटीतून फिरून नळकांड्याने बाहेर जायची. आतला ड्रम बंद, त्याची वाफ वेगळ्या पाइपाने छपरावर. थिनरच्या वाफेजवळ उघडा जाळ कधीही नेऊ नका, त्यापायी दुकानं जळाली आहेत. दर पाऊण तासाने कोळसा, तापमानाचा काटा एकशे तीस अंशांवर. पहिल्या रात्री ऊमच्याच तीन मोटारी भाजल्या. ते गाडीत बसून राहिले, पहाटे कॉफी घेऊन आले.

अकराच्या अकरा मोटारी फुकट भरून दिल्या. मार्चपर्यंत एक बेकरी परत आली. शाळा आली नाही.

धंदा करणाऱ्यांना सांगतो, लाइट आली की पाच मिनिटं मोटार लावू नका, पहिला झटका जाऊ द्या. एक फेज गेला की मोटार बंद करणाऱ्या सिंगल फेज प्रिव्हेंटरला पैसे वाचवू नका. मोटार परत आली तर ती गिऱ्हाइकासमोरच खोला. आणि पोरांना परदेशी पाठवताना पगार विचारता तसं तिथे लाइट किती तास असते तेही विचारा.

मार्च 2024 च्या अखेरीपासून तिथली कपात जवळपास दहा महिने थांबली, 2025 ला अधूनमधून परत आली. 2024 च्याच मेच्या निवडणुकीत 1994 पासूनच्या सत्ताधारी पक्षाचं बहुमत गेलं. त्याच वर्षी मी भुसावळला परतलो. लेनेशियाचं दुकान चाचांचा मुलगा बघतो, ड्रमची भट्टी त्याने ठेवली आहे. भर जानेवारीत, तिकडच्या उन्हाळ्यात, ऊमचा फोटो येतो. फिरत्या पंख्याचा नाही, मोटारीच्या पाटीचा. त्यावर आमचा पंच केलेला नंबर असतो, 2022 चा.