अण्णांचा फ्लू आणि पीसीटीचा आकडा

सोयाबीनची फवारणी चालू असताना अण्णांना स्वाइन फ्लू झाला. औशाहून लातूरला आणून भरती करावं लागलं. ऑक्सिजन आणि सकाळ-संध्याकाळ टॅमिफ्लू हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध. रक्तात सूज दाखवणारं सीआरपी ८६, म्हणजे चढलेलं निघालं आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा एकच धोशा : डॉक्टर अँटिबायोटिकचं भारी इंजेक्शन का देईनात?

डॉक्टर मॅडमनी मला रिपोर्ट समोर धरून समजावलं. "दादा, सीआरपी यकृतात बनतं. सूज कशाचीही असो, ते चढतं. जोराच्या फ्लूतही चढतं. तेवढ्यावरून जिवाणू आहेत असं म्हणता येत नाही." म्हणून पीसीटी, म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन पाठवलं. जिवाणूंचा संसर्ग जोरात असला की हे काही तासांतच वाढायला लागतं. विषाणूशी लढताना शरीरात तयार होणारं इंटरफेरॉन मात्र त्याला दाबून धरतं. किडनी खराब असली तर आकडा उगाच फुगतो, म्हणून क्रिएटिनिनही बघितलं. अण्णांचं पीसीटी ०.१२ होतं. ०.२५ च्या खाली असलं तर अँटिबायोटिक शक्यतो टाळतात, आणि हे त्याच्या बरंच खाली. अँटिबायोटिक दिलं नाही. पाहुण्यांना हे पटवणं महाकठीण गेलं.

ताप उतरला. अण्णांनी भाकरी मागितली, आम्ही सुट्टीच्या तयारीला लागलो, आणि त्याच रात्री हुडहुडी भरली. बेडका घट्ट, पिवळा, त्यात रक्ताची बारीक रेघ. फ्लूने श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलवटलं की न्यूमोकोकस, स्टॅफसारख्या जिवाणूंना आयती वाट मिळते. ओसरून पुन्हा चढलेल्या तापाला मॅडम त्यासाठीच जपून होत्या. या वेळी पीसीटी ४.८. सिस्टरनी दोन्ही हातांतून कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी रक्त घेतलं, बेडका डबीत घेतला आणि लगेच अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन दिलं. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तेवढं थांबण्यात अर्थ नव्हता.

पुढे एक दिवसाआड तपासणी : १.६, मग ०.५. वरच्या आकड्यापासून ८० टक्क्यांहून जास्त उतरलं, ऑक्सिजन सुटला, जेवण सुरू झालं. तेव्हा अँटिबायोटिक बंद केलं. नुसत्या आकड्यावर त्यांनी एकदाही निर्णय घेतला नाही, प्रत्येक वेळी आधी छातीला स्टेथोस्कोप लावला. मला हे फार मोलाचं वाटतं. तपासणी महाग आहे, पण नको असलेली इंजेक्शनं वाचली आणि हवी ती वेळेवर मिळाली.

सुट्टीच्या कागदावर अँटिबायोटिकची एकही गोळी नव्हती. काही आठवड्यांनी एक्स-रे, आणि फ्लूची व न्यूमोनियाची लस घ्यायला सांगितलंय.