गाठ काढली असं सांगितलं होतं मी

मागच्या डिसेंबरात माझं ऑपरेशन झालं तेव्हा दुकानात, गल्लीत, नातेवाईकांत सगळ्यांना एकच सांगितलं, छातीत गाठ होती ती काढली. खरं म्हणजे ऑपरेशन गायनेकोमॅस्टियाचं होतं, पुरुषाची छाती बाईसारखी वाढते ते. आज उघड लिहितोय कारण माझ्यासारखे बरेच जण रात्री दोन वाजता मोबाईलवर हेच शोधत बसलेले असतील.

आठवीत सुरू झालं. पोरं विहिरीवर पोहायला जायची आणि मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो, बनियन काढायला नको म्हणून. वर्गात वहिनी म्हणायचे मला. आमच्या अमळनेरला मे महिन्यात पारा 44 च्या पुढे जातो, त्यातही शर्टाच्या आत दोन बनियन, एक टाईट एक साधी, आणि खांदे पुढे वाकवून चालायची सवय, ती 13 वर्षं टिकली. मित्राच्या हळदीत पोरं शर्ट काढून नाचायला लागली की मी जेवणाची व्यवस्था बघायला जायचो.

जिमला 2 वर्षं गेलो, पोट गेलं, दंड भरले, छाती तशीच. कारण ती नुसती चरबी नव्हतीच. निप्पलच्या मागे चिमटीत धरलं की रबरासारखी चकती लागते ना, ती ग्रंथी असते, ती डिप्स मारून जात नाही. वयात येताना हार्मोन खालीवर होतात म्हणून बऱ्याच मुलांना हे होतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप बसतं. माझं बसलं नाही.

भीती कसली होती म्हणाल तर भुलीतून उठेन का ही होती, व्रण दिसेल का ही होती, पण त्याहून मोठी होती ती लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं याची. बाईने चेहऱ्याला काही केलं तर लोक नावं ठेवतात पण निदान समजून तरी घेतात, पुरुषाला मात्र तुला कसली शोभा पाहिजे असंच विचारतात. केस लावून आलेला माणूस महिनाभर टोपी घालून फिरतो तो पण याच भीतीने.

पहिल्यांदा ज्या क्लिनिकमध्ये गेलो तिथं डॉक्टर भेटलेच नाहीत. काउन्सेलर मॅडमनी पॅकेज सांगितलं, आजच ॲडव्हान्स भरला तर डिस्काउंट, रक्ताची एक तपासणी सांगितली नाही, कुठलं औषध चालू आहे ते पण विचारलं नाही. आणि मी भरणार होतो पैसे, कारण लाज एवढी असते की कसंही करून उरकून टाकावंसं वाटतं. त्या लाजेवर धंदा करतात याचा मला अजून राग येतो.

नाशिकला दुसरे डॉक्टर भेटले ते एमसीएच, म्हणजे सर्जरीतली वरची पदवी घेतलेले प्लास्टिक सर्जन. त्यांनी जिममध्ये बॉडी बनवायला स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं का विचारलं, थायरॉइड, लिव्हर, प्रोलॅक्टिन आणि टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन, सगळं तपासायला लावलं, अंडकोष पण तपासले कारण तिथल्या गाठीमुळे सुद्धा छाती वाढू शकते. मी खाली मान घालून विचारलं, सर, बाप होण्यात काही अडचण तर नाही ना येणार? ते हसले नाहीत. म्हणाले, छातीतली ग्रंथी काढल्याने त्याला काहीच होत नाही, हा प्रश्न जवळजवळ सगळेच विचारतात. मग धोके पण सांगितले, आत रक्त किंवा पाणी साचू शकतं, दोन बाजू थोड्या कमीजास्त दिसू शकतात, बधिरपणा काही महिने राहू शकतो. मेडिक्लेम मिळाला नाही, कॉस्मेटिक म्हणून.

ऑपरेशननंतर 6 आठवडे रात्रंदिवस प्रेशरची बंडी, म्हणजे छाती घट्ट दाबून धरणारी बंडी, घालायची होती आणि महिनाभर वजन उचलायचं नव्हतं. आता खान्देशातल्या उन्हाळ्यात ती बंडी घालणं म्हणजे अंगावर घामोळ्यांचा नुसता थर, म्हणून थंडीच बरी. पण आमचं कृषी केंद्र, डिसेंबरात गव्हाला युरिया लागतो, एक गोणी 45 किलोची, आणि उचलणारे मी आणि मोठा भाऊ दोघंच. भाऊला तेवढं खरं सांगितलं, तो एकच म्हणाला, तू जाय, मी देखी लेसू. पूर्ण सीझन एकट्याने गोण्या उचलल्या त्याने.

मायला मात्र गाठच सांगितली होती. माझी मावशी छातीच्या कॅन्सरने गेली हे माझ्या डोक्यातच आलं नाही त्या वेळी, एवढा मी माझ्या लाजेत गुंतलो होतो. तिसऱ्या आठवड्यात भाऊने सांगितलं की माय रात्री झोपत नाही, सप्तशृंगीला नवस बोलली आहे, चैत्रात गडावर पायी येईन म्हणून. मी तसाच आत गेलो. ती लसूण सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, भाऊ, खरं सांग, कसानी गाठ व्हती ती?

सगळं सांगितलं मग, विहिरीपासून. बंडीची चेन उघडून दाखवलं, निप्पलच्या कडेला अर्धगोल बारीक टाके, आजूबाजूला पिवळं पडलेलं. तिने टाक्यांपासून लांब, बरगडीवर हात ठेवला आणि रडली. "इतला वरीस मनम्हा ठेवं, माले काबरं सांगं नही रे?" मला उत्तर देता आलं नाही. नवस मात्र तिने सोडला नाही, चैत्रात गेली पायी, मी बरोबर होतो.

तोपर्यंत बंडी धुतली की मी ती बाथरूमचं दार लावून आत वाळवायचो, वास यायचा तिला, दमट पण राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर ती अंगणातल्या दोरीवर उन्हात, साड्यांच्या आणि भाऊच्या शर्टांच्या मधोमध. शेजारच्या काकूंनी विचारलंच, हे काय ओ? माय गहू पाखडत होती, मान पण वर केली नाही तिने.

"पोऱ्यानी ऑपरेशननी बंडी शे. डॉक्टरनी दियेल शे."