गेमिंग व्हीलचा ॲक्सिलरेटर थरथरत होता, तो कसा बरा झाला

ओळखीतल्या एकाकडून रेसिंग गेमसाठी वापरलेलं फोर्स फीडबॅक व्हील (आतल्या मोटरमुळे हाताला रस्त्याचा जोर जाणवतो ते) घेतलं, 900 डिग्री फिरणारं, सोबत तीन पेडल. ब्रँड सांगत बसत नाही, उगाच वाद नको.

जोडणी सोप्पी आहे. पेडलची वायर पीसीला नाही जात, ती व्हीलच्या बेसखाली लागते, जुन्या सिरियल पोर्टसारखं नऊ पिनांचं कनेक्टर असतं. पॉवर ॲडॉप्टर आधी, यूएसबी नंतर, आणि तीही हबमधे न लावता थेट मागच्या पोर्टात. लावल्या लावल्या व्हील आपोआप गरागरा दोन्हीकडे फिरतं, ते कॅलिब्रेशन असतं, तेव्हा हात लावू नका. मग तिन्ही पेडल एकदा तळापर्यंत दाबायची, म्हणजे त्याला रेंज कळते.

खरी गंमत खुर्चीची. जोरात ब्रेक मारला की ऑफिसवाली चाकाची खुर्ची मी बसलेलो असताना मागे! शेवटी पेडल भिंतीला टेकवली आणि खुर्चीची चाकं जुन्या चपलांत घातली. बायको हसली, पण काम झालं.

काही महिने मजेत गेले आणि मग असेटो कोर्सा या रेसिंग गेममधे सरळ रस्त्यावर गाडी मधेच दम सोडायला लागली. ड्रायव्हर टाकून बघितला, डेडझोन (पेडलची जेवढी हालचाल गेम मोजतच नाही तो भाग) वाढवून बघितला, पण डेडझोन फक्त टोकाला उपयोगी, मधल्या थरथरीला काय करणार. विंडोजच्या रनमधे जॉय डॉट सीपीएल (joy.cpl, कंट्रोलर तपासायची खिडकी) टाकून प्रत्येक पेडल हळूहळू दाबलं तर ब्रेक आणि क्लचचा बार नीट वर जात होता, फक्त ॲक्सिलरेटरचा उड्या मारत होता. तिघांची वायर एकच, म्हणजे वायर आणि बेस बहुधा ठीक, दोष बहुतेक त्या एका पेडलच्या पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे पेडल किती दाबलं ते मोजणाऱ्या पॉटचा. त्यात कार्बनच्या पट्टीवर एक पत्रा घासत फिरतो, मधे धूळ गेली की रीडिंग उडतं.

वायर काढून पेडलचा बेस उलटा करून उघडला. पॉट काढायच्या आधी त्याच्या छोट्या गिअरवर आणि समोरच्या दात्यांवर मार्करने एकच रेघ मारून घेतली, हे विसरू नका, एक दाता जरी इकडेतिकडे बसला तर पेडल पूर्ण दाबूनही शंभर टक्के येत नाही. बुधवार पेठेतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणला होता, पॉटच्या फटीतून जरासा मारला, गिअर हाताने इकडून तिकडे भरपूर वेळा फिरवला, सुकू दिलं. साधं डब्ल्यूडी-40 मारू नका, त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर परत धूळ बसते.

बार आता सरळ चढतो. खेळून झालं की पेडलवर जुनी चादर टाकतो. परत थरथर आली तर पॉटच बदलणार, त्यावर व्हॅल्यू छापलेली असते, आधीच्यावर B अक्षर असेल तर B वालंच मागा, B म्हणजे लिनियर, जेवढं फिरेल तेवढंच सारख्या प्रमाणात बदलणारं, आणि दांड्याची लांबी मोजून न्या.